फ्रेंच कुठे बोलतात, आणि ‘बोलतात’ म्हणजे काय?

मराठी मातृभाषा असलेली माणसं किती? २०११च्या जनगणनेनुसार ८ कोटी ३० लाख. आणि फ्रेंच मातृभाषा असलेली? मोजणारा बदलला की आकडा थोडा मागेपुढे होतो, पण तोही ८ कोटींच्या आसपासच राहतो. घरात कानावर पडलेली पहिली भाषा एवढंच माप लावलं, तर मराठी आणि फ्रेंच जवळजवळ एकाच उंचीच्या आहेत. मी पुण्यात फ्रेंच शिकवते. नव्या बॅचला पहिल्या दिवशी हे सांगितलं की कुणाचा विश्वास बसत नाही.

मग एक ‘जागतिक भाषा’ आणि दुसरी ‘प्रादेशिक’, हा फरक आला कुठून? तो दुसऱ्या आकड्यात आहे. दुसरी किंवा तिसरी भाषा म्हणून मराठी येणारे धरले तरी त्याच जनगणनेतली बेरीज १० कोटींच्या आतच राहते. फ्रेंच भाषक देशांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा २०२२चा अंदाज मात्र ३२ कोटींचा आहे. म्हणजे फ्रेंच येणाऱ्या दर चार माणसांपैकी तिघांना ती आईकडून मिळालेली नाही. ती त्यांना शाळेत भेटली, कचेरीत भेटली, कधी बाजारात भेटली.

म्हणून एखाद्या देशात अमुक भाषा बोलतात असं वाचलं की मी मुलांना चार जागा तपासायला सांगते: घर, बाजार, शाळा आणि कचेरी. कचेरीत कोर्ट, बँक, पोलीस ठाणं सगळं आलं. चारही ठिकाणी एकच भाषा असलेले देश जगात फार नाहीत. आपलंच पाहा. भारत इंग्रजी बोलतो का? २०११मध्ये इंग्रजी मातृभाषा लिहिणारे अडीच लाखांच्या थोडे वर होते आणि ती येते असं सांगणारे जवळजवळ १३ कोटी. सांगलीचा माणूस घरी मराठी बोलतो, ट्रकवाल्याशी हिंदी बोलतो आणि कर्जाचा करार इंग्रजीत सही करतो. त्याला नकाशावर एका रंगात कसं रंगवणार? फ्रेंचचा नकाशा असाच आहे, फक्त तो पाच खंडांवर पसरलेला आहे.

एकही दिवस फ्रान्सचं राज्य नसलेला सर्वांत मोठा फ्रेंच भाषक देश

फ्रेंच राजभाषा असलेल्या देशांत लोकसंख्येने सर्वांत मोठा देश फ्रान्स नाही. तो आहे काँगोचं लोकशाही प्रजासत्ताक. तिथे १० कोटींच्या वर माणसं राहतात, फ्रान्समध्ये ७ कोटींहून कमी. काँगोची राजधानी किन्शासा दीड कोटीच्या पुढे गेली आहे, त्यामुळे तिला हल्ली जगातलं सर्वांत मोठं फ्रेंच भाषक शहर म्हणतात.

या देशावर फ्रान्सने कधीच राज्य केलं नाही. १८८५मध्ये तो बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याची चक्क खासगी मालमत्ता झाला. रबर आणि हस्तिदंतासाठी तिथे जे अत्याचार झाले त्यांचा युरोपभर बोभाटा झाल्यावर १९०८मध्ये बेल्जियमच्या सरकारने तो ताब्यात घेतला. १९६०मध्ये काँगो स्वतंत्र झाला. आता बेल्जियममध्ये तर निम्म्याहून जास्त लोक डच बोलणारे. तरी काँगोत फ्रेंच कशी गेली? कारण त्या काळी बेल्जियममध्येही राज्यकारभार, सैन्याचे अधिकारी आणि पैसेवाले फ्रेंच बोलत. डच बोलणारे बहुसंख्य असूनही त्यांच्या भाषेला कायद्यात बरोबरीचं स्थान १८९८मध्ये मिळालं. आपल्याच घरात दुसऱ्या भाषेवर बसलेली फ्रेंच आफ्रिकेत निर्यात झाली.

किन्शासाच्या समोर, काँगो नदीच्या पलीकडच्या काठावर ब्राझाव्हिल आहे, दुसऱ्या काँगोची राजधानी. दोन राजधान्या एकमेकींना दिसतात, पण मध्ये पूल नाही, बोटीने जावं लागतं. ब्राझाव्हिल फ्रान्सच्या ताब्यात होतं. कोणत्या काठावर कोण मालक होता हे अजूनही एका शब्दात कळतं. ब्राझाव्हिलमध्ये सत्तरला ‘स्वासांत-दिस’ म्हणतात, म्हणजे ‘साठ-दहा’, जसं पॅरिसमध्ये म्हणतात. किन्शासात म्हणतात ‘सेप्तांत’, जसं ब्रसेल्समध्ये म्हणतात. राज्यकर्ते गेले, त्यांचे पाढे राहिले.

पाढ्यांचा विषय निघालाच आहे तर सांगून टाकते. फ्रान्समध्ये ऐंशीला ‘कात्र-व्हँ’ म्हणतात, शब्दशः ‘चार वीस’, आणि नव्वद म्हणजे ‘चार-वीस-दहा’. शिकणारे इथे वैतागतात. मी त्यांना आजी-आजोबांची आठवण करून देते. गावाकडची जुनी माणसं ‘चार विसा’ म्हणूनच ऐंशी मोजत. बेल्जियमने नव्वदसाठी सरळ ‘नोनांत’ ठेवलं, स्वित्झर्लंडच्या काही भागांत ऐंशीसाठी ‘युइतांत’ चालतं. तिथली फ्रेंच कमअस्सल नाही, ती फक्त पॅरिसची नाही.

आता किन्शासाला चार जागांची परीक्षा लावू या. घरी आणि रस्त्यावर मुख्यतः लिंगाला भाषा. गाणीही लिंगालात. २०२१मध्ये युनेस्कोने दोन्ही काँगोंच्या रुंबा संगीताला वारशाच्या यादीत घेतलं, त्या गाण्यांची मुख्य भाषा लिंगालाच आहे. वरचे वर्ग, सरकारी अर्ज, कोर्ट, वर्तमानपत्र हे सगळं फ्रेंचमध्ये. शिकलेल्या घरांत दोन्ही भाषा एकाच वाक्यात येतात. देशाच्या पूर्वेला गेलात तर बाजारात स्वाहिली लागते, इतरत्र किकोंगो किंवा चिलुबा. या चार राष्ट्रीय भाषा, आणि त्यांच्या खाली शेकडो इतर. म्हणजे ‘सर्वांत मोठं फ्रेंच शहर’ हे विधान खोटं नाही, पण त्यातला प्रत्येक माणूस फ्रेंचमध्ये स्वप्नं पाहतो असाही त्याचा अर्थ नाही.

फ्रान्समध्ये तरी कधीपासून?

आपण धरून चालतो की फ्रान्समध्ये फ्रेंच पहिल्यापासूनच होती. नव्हती. १५३९मध्ये राजा पहिला फ्रान्स्वा याने व्हिले-कोतरे नावाच्या गावी एक हुकूम काढला की कोर्टाचे आणि कारभाराचे कागद लॅटिनऐवजी फ्रेंचमध्ये लिहावेत. हा कागदांपुरता बदल होता. (त्याच गावच्या वाड्यात २०२३मध्ये फ्रेंच भाषेचं मोठं आंतरराष्ट्रीय केंद्र सुरू झालं.) अडीचशे वर्षांनी, राज्यक्रांतीच्या धामधुमीत, ग्रेग्वार नावाच्या धर्मगुरू-खासदाराने देशभर प्रश्नावली पाठवून पाहणी केली आणि १७९४मध्ये अहवाल दिला. त्यातलं चित्र असं होतं: किमान ६० लाख लोकांना फ्रेंच येतच नाही, आणखी तितक्याच लोकांना त्या भाषेत धड संभाषण करता येत नाही, आणि ती शुद्ध बोलणारे फार तर ३० लाख. देशाची लोकसंख्या तेव्हा पावणेतीन कोटींच्या घरात होती.

बाकीचे काय बोलत होते? पश्चिमेला ब्रेतों, दक्षिणेत सगळीकडे ऑक्सितानच्या बोली, स्पेनच्या सीमेवर बास्क, पूर्वेला जर्मन वळणाची अल्सासी, कोर्सिका बेटावर कोर्सिकन. ग्रेग्वारच्या अहवालाचा रोख या भाषा संपवाव्यात असाच होता. समान नागरिक हवेत तर भाषा एक हवी, असा त्याचा युक्तिवाद. प्रत्यक्षात हे काम १८८१-८२च्या शाळा कायद्यांनी केलं. शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं, आणि ते फ्रेंचमध्येच झालं. ब्रेतान्य प्रांतातल्या शाळांत मूल ब्रेतों बोलताना सापडलं तर त्याच्या गळ्यात एखादी वस्तू, कधी लाकडी खडावसुद्धा, अडकवत. दुसरा कुणी मातृभाषा बोलताना सापडला की ती त्याच्या गळ्यात जायची. मुलांनाच मुलांवर पहारा ठेवायला लावला होता. ही हकीकत मी वर्गात सांगते तेव्हा कुणीतरी हमखास म्हणतं, ‘मॅडम, आमच्या इंग्लिश मीडियममध्ये मराठी बोललं की दंड होता.’

त्यामुळे आज फ्रान्समध्ये घर, बाजार, शाळा, कचेरी या चारही ठिकाणी फ्रेंच आहे, ते निसर्गाने झालेलं नाही. ते घडवलेलं आहे. ‘प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच आहे’ हे वाक्य तर राज्यघटनेत १९९२मध्ये आलं.

फ्रान्सची हद्दही युरोपात संपत नाही, हे इथेच सांगायला हवं. दक्षिण अमेरिकेतलं फ्रेंच गियाना हा फ्रान्सचाच भाग आहे. फ्रान्सची जमिनीवरची सर्वांत लांब सीमा स्पेनशी किंवा जर्मनीशी नसून ब्राझीलशी आहे, सुमारे ७३० किलोमीटर. हिंदी महासागरात रेयुनियाँ, पॅसिफिकमध्ये ताहिती आणि न्यू कॅलिडोनिया, अशी ही यादी बरीच लांब जाते.

क्युबेक: पाटीवरची लढाई

फ्रान्समधल्या चौकात थांबण्याच्या लाल पाटीवर ‘स्टॉप’ लिहिलेलं असतं. कॅनडाच्या क्युबेक प्रांतात त्याच पाटीवर असतं ‘आरे’, म्हणजे ‘थांबा’, अस्सल फ्रेंचमध्ये. मला या दोन पाट्यांत सगळा इतिहास दिसतो. ज्याची भाषा सुरक्षित आहे त्याला एखादा परका शब्द चालतो. ज्याच्या चहूबाजूंनी इंग्रजी आहे त्याला तो चालत नाही.

१६०८मध्ये शॉंप्लँ नावाच्या फ्रेंच दर्यावर्दीने क्युबेक शहर वसवलं. १७५९मध्ये इंग्रजांनी ते जिंकलं आणि १७६३च्या तहात फ्रान्सने कॅनडावरचा हक्क सोडला. मागे राहिले साठ-सत्तर हजार फ्रेंच भाषक शेतकरी, त्यांचं चर्च आणि मोठमोठी कुटुंबं. त्यांच्यातून आज ९० लाखांच्या आसपास लोकसंख्येचा प्रांत उभा आहे, आणि त्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश लोकांची मातृभाषा फ्रेंच आहे. पण १९६०पर्यंत माँट्रियलमध्ये बहुसंख्य फ्रेंच भाषक आणि कारखान्यांची, बँकांची, वरच्या हुद्द्यांची भाषा इंग्रजी, अशी अवस्था होती. घर आणि देऊळ फ्रेंच, कचेरी इंग्रजी. त्यातून जे राजकारण पेटलं त्याने १९७७चा फ्रेंच भाषेचा कायदा आणला. कामाची भाषा फ्रेंच, दुकानाच्या पाट्या फ्रेंच आणि बाहेरून येऊन स्थायिक होणाऱ्यांच्या मुलांना शाळा फ्रेंच. १९९५मध्ये कॅनडातून फुटून निघायचं की नाही यावर मतदान झालं आणि ‘नाही’ हा पक्ष जेमतेम एका टक्क्याच्या फरकाने जिंकला.

दुकानांच्या मराठी पाट्यांवरून आपल्याकडे वाद झाले तेव्हा मला क्युबेकची फार आठवण आली. फरक एवढाच की तिथे पाटीबरोबर कामाची आणि शाळेची भाषाही एकाच कायद्यात बांधली होती. नुसती पाटी बदलून भाषा टिकते असं मला वाटत नाही. क्युबेकचा अनुभव मला शाळा आणि पगार यांच्याकडे बोट दाखवणारा वाटतो.

माझ्याकडे शिकून गेलेली एक मुलगी माँट्रियलला नोकरीला लागली. पहिल्याच आठवड्यात तिला सहकाऱ्याने ‘दिने’ला बोलावलं. आमच्या पुस्तकाप्रमाणे दिने म्हणजे रात्रीचं जेवण, म्हणून ती संध्याकाळची तयारी करून बसली. क्युबेकमध्ये, आणि बेल्जियम-स्वित्झर्लंडमध्येही, दिने म्हणजे दुपारचं जेवण. रात्रीच्याला ते ‘सुपे’ म्हणतात. ‘वीकेंड’ हा शब्द पॅरिसमध्ये सर्रास चालतो, क्युबेकमध्ये मात्र ‘फँ द स्मेन’, आठवड्याचा शेवट. हे सगळं मी तेव्हापासून पहिल्या महिन्यातच शिकवते.

याच अमेरिका खंडात उलटी गोष्टही घडली. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या अकादी भागातल्या फ्रेंचांना इंग्रजांनी १७५५पासून हाकलून दिलं. त्यातले बरेच जण फिरत फिरत लुइझियानात पोचले. तिथे त्यांना पडलेलं ‘केजन’ हे नाव म्हणजे ‘अकादियाँ’चाच झिजलेला उच्चार आहे. तो प्रदेश १८०३मध्ये नेपोलियनने अमेरिकेला विकला, आणि १९२१च्या लुइझियानाच्या राज्यघटनेने शाळेत फक्त इंग्रजी ठेवली. फ्रेंच बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होऊ लागल्या. दोन-तीन पिढ्यांत घरातली फ्रेंच आटली.

मॉरिशस: शब्द फ्रेंच, भाषा आपली

मॉरिशसबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण तिथे आपली माणसं आहेत. हे बेट १७१५पासून फ्रेंचांकडे होतं. १८१०मध्ये इंग्रजांनी घेतलं, पण शरणागतीच्या अटींमध्ये रहिवाशांचे कायदे, धर्म आणि चालीरीती राखण्याचं वचन होतं. त्यामुळे राज्य इंग्रजांचं आणि समाजाची भाषा फ्रेंच, असं दीडशे वर्षं चाललं. गुलामगिरी बंद झाल्यावर १८३४पासून उसाच्या मळ्यांवर भारतातून करारबद्ध मजूर नेले. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर ते उतरले तो आप्रवासी घाट आता जागतिक वारसा आहे. त्यात भोजपुरी आणि तमिळ भाषक होते, तेलुगू होते, आणि कोकणातून, रत्नागिरीच्या बाजूने गेलेले मराठीही होते.

त्यांची आजची पिढी घरी काय बोलते? बहुतेक सगळे मॉरिशसची क्रिओल बोलतात, जशी तिथली जवळजवळ नव्वद टक्के माणसं बोलतात. वर्तमानपत्रं मुख्यतः फ्रेंच. संसदेची अधिकृत भाषा इंग्रजी, पण सदस्य फ्रेंचमध्येही बोलू शकतात. मराठी शाळेत ऐच्छिक विषय म्हणून शिकवली जाते, गणेशचतुर्थीला देशभर सुट्टी असते, आणि कोकणातली जाखडी तिथे ‘झाकरी’ म्हणून नाचली जाते. घर, बाजार, शाळा, कचेरी यांच्यात देवघर हे पाचवं ठिकाण धरावं लागतं असा हा देश आहे.

क्रिओल म्हणजे मोडकी फ्रेंच, असा समज मॉरिशसमध्येही फार काळ होता. ते खरं नाही. तिचे बहुतेक शब्द फ्रेंचमधून आले आहेत, पण व्याकरण वेगळं आहे. ‘माझं तुझ्यावर प्रेम आहे’ हे मॉरिशसमध्ये ‘मो कोन्तान त्वा’. फ्रेंचमध्ये क्रियापद कर्त्यागणिक रूप बदलतं, पाठ करता करता विद्यार्थी घामाघूम होतात. क्रिओलमध्ये ते तसं बदलत नाही, काळ दाखवायला आधी छोटे शब्द लागतात. मळ्यांवर वेगवेगळ्या भाषांची माणसं एकत्र आणली गेली आणि त्यांच्या मुलांनी ही पूर्ण, स्वतंत्र भाषा घडवली. मॉरिशसमध्ये २०१२पासून ती शाळेतही शिकवू लागले.

हैतीचं उदाहरण याहून तीव्र आहे. गुलामांनी उठाव करून फ्रान्सला हरवलं आणि १८०४मध्ये देश स्वतंत्र केला. आज तिथे अक्षरशः सगळे हैतियन क्रिओल बोलतात. सफाईने फ्रेंच बोलणारे थोडेच. पण क्रिओलला राजभाषेचा दर्जा मिळायला १९८७ची राज्यघटना यावी लागली. तोवर कोर्टातल्या निकालाची भाषा आरोपीला कळत नव्हती. नकाशावर हैतीला ‘फ्रेंच भाषक’ म्हणून रंगवणं मला म्हणूनच पटत नाही.

आपल्या पुदुच्चेरीचं थोडक्यात: १९५४मध्ये कारभार भारताकडे आला, १९६२मध्ये कायदेशीर हस्तांतर पूर्ण झालं. लाल उंच टोपीचे पोलीस आणि फ्रेंच नावांचे रस्ते आहेत, पण रस्त्यावर ऐकू येते ती तमिळ. व्हिएतनाममध्ये तर फ्रेंच जवळजवळ पुसली गेली.

आफ्रिकेत फ्रेंच का टिकली, आणि कुठे जाते आहे

फ्रेंच रोज वापरणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक माणसं आज आफ्रिकेत आहेत. १९६०च्या सुमारास हे देश स्वतंत्र झाले तेव्हा प्रत्येकासमोर एकच पेच होता. देशात पन्नास-साठ भाषा, कधी दोनशे. एकीला राजभाषा केलं तर बाकीचे रुसणार. शाळा, पुस्तकं, कायदे आधीपासून फ्रेंचमध्ये होतेच. परकी भाषा सगळ्यांना सारखीच परकी, म्हणून ती राहिली. इंग्रजीबद्दलचा आपला वाद ज्यांना आठवतो त्यांना हे ओळखीचं वाटेल.

सेनेगलमध्ये बाजाराची भाषा वोलोफ आहे. ज्यांची ती मातृभाषा नाही तेही ती बोलतात. फ्रेंच शाळेत आणि कचेरीत. त्याच सेनेगलचे पहिले राष्ट्राध्यक्ष, कवी सेंघोर, फ्रेंच अकादमीत, म्हणजे फ्रेंच भाषेवर लक्ष ठेवणाऱ्या पॅरिसच्या संस्थेत, निवडून गेले. १९७०मध्ये २० मार्चला नायजरची राजधानी नियामे इथे फ्रेंच भाषक देशांच्या संघटनेची पायाभरणी झाली, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. ही कल्पना पॅरिसपेक्षा आफ्रिकेतल्या पुढाऱ्यांनी जास्त रेटली, हे विसरलं जातं.

रवांडात पेच नव्हताच. तिथे जवळजवळ सगळ्यांची भाषा एकच, किन्यारवांडा. १९९४च्या नरसंहारानंतर फ्रान्सशी संबंध बिघडले, नवं नेतृत्व इंग्रजी भाषक युगांडातून परतलेलं होतं, आणि २००८मध्ये शिक्षणाचं माध्यम फ्रेंचवरून इंग्रजीकडे वळवलं. दहा वर्षांनी, २०१८मध्ये, फ्रेंच संघटनेच्या सर्वोच्च पदावर निवडून आल्या त्या रवांडाच्याच लुईझ मुशिकिवाबो. सरकारं भाषेशी मैत्रीही करतात आणि काडीमोडही, दोन्ही सोयीने.

मालीने २०२३च्या नव्या राज्यघटनेत फ्रेंचचं राजभाषेचं स्थान काढून तिला फक्त कामकाजाची भाषा केलं. बुर्किना फासो आणि नायजरही त्याच वाटेने गेले. २०२५च्या मार्चमध्ये तिघांनी संघटना सोडली, म्हणजे ज्याच्या राजधानीत ती जन्मली त्या नायजरनेही. फ्रान्सच्या सैन्याविरुद्धचा राग यामागे आहे. पण परीक्षेचा पेपर आणि बँकेचा फॉर्म एका ठरावाने बदलत नाही.

अल्जीरियाची कथा वेगळीच. १८३० ते १९६२ फ्रेंच राज्य, शेवटची आठ वर्षं भीषण युद्ध. फ्रेंच तिथे राजभाषा नाही आणि अल्जीरिया त्या संघटनेतही नाही. तरीही वैद्यकीय शिक्षण बराच काळ फ्रेंचमध्येच चाललं आणि लाखो लोक ती रोज बोलतात. २०२२पासून प्राथमिक शाळेत इंग्रजीही आणली आहे. राजभाषांची यादी वाचून हा देश सापडणारच नाही.

बाकीच्या मोठ्या भाषा

पोर्तुगीज घ्या. १४९४च्या तहात स्पेन आणि पोर्तुगालने अटलांटिकवर एक रेघ ओढून जग वाटून घेतलं, त्यामुळे ब्राझील पोर्तुगीजांकडे गेला. आज पोर्तुगालमध्ये १ कोटी माणसं आणि ब्राझीलमध्ये २० कोटींहून जास्त. आफ्रिकेत अंगोलाने तर सगळ्यांना चकित केलं. २०१४च्या जनगणनेत सुमारे ७१ टक्के लोकांनी घरी पोर्तुगीज बोलतो असं सांगितलं. १९७५ ते २००२ यादवी युद्ध चाललं, खेड्यांतून माणसं लुआंडा शहरात पळून आली, वेगवेगळ्या भाषांची लग्नं झाली आणि मुलांची भाषा पोर्तुगीज झाली. शेजारच्या काँगोत फ्रेंचला हे इतकं जमलं नाही, कारण तिथे बाजार लिंगाला आणि स्वाहिलीने आधीच सांभाळला होता.

गोव्यात मात्र पोर्तुगीज साडेचारशे वर्षं राहूनही सर्वसामान्य घरांची भाषा झाली नाही. कोकणी आणि मराठी टिकल्या. पण आपल्या स्वयंपाकघरापासून तुरुंगापर्यंत त्यांचे शब्द पोचले: बटाटा, पाव, चावी, घमेलं, बिजागरी, लिलाव, पगार, आणि तुरुंगसुद्धा.

स्पॅनिश ही साम्राज्याने नेलेली आणि खरोखर घरात शिरलेली भाषा आहे. वीस देशांची ती राजभाषा. एकट्या मेक्सिकोत तेरा कोटींच्या आसपास लोक आहेत, स्पेनमध्ये पाच कोटींहून कमी. मात्र तिथेही साम्राज्य संपलं तेव्हा मेक्सिकोतले बहुसंख्य खेडूत आपापल्या मूळ भाषा बोलत होते. स्पॅनिश घरोघरी पोचवली ती स्वतंत्र झालेल्या प्रजासत्ताकांच्या शाळांनी. पराग्वे अपवाद: तिथे मूळ रहिवाशांची ग्वारानी बहुसंख्य लोक आजही बोलतात आणि १९९२पासून ती स्पॅनिशच्या बरोबरीने राजभाषा आहे.

चिनी मँडरिन मातृभाषिकांच्या संख्येत जगात पहिली, पण तिचे बोलणारे मुख्यतः एकाच देशात आहेत. आणि अरबी? वीसहून अधिक देशांची राजभाषा, पण जी अरबी बातम्यांत आणि पुस्तकांत असते ती कुणाचीच मातृभाषा नाही. घरी प्रत्येक जण आपापल्या देशाची बोली बोलतो, आणि मोरोक्कोच्या माणसाची बोली इराकच्या माणसाला सहज कळत नाही. फ्रेंचच्या पसाऱ्यात परक्या भाषेत शाळा चालते. अरबीत आपल्याच भाषेचं नाव असलेली, पण घरी न बोलली जाणारी भाषा शाळेत शिकावी लागते.

फ्रेंचचं पुढे काय होईल, असं मला नेहमी विचारतात, विशेषतः जे पैसे भरून शिकताहेत ते. २०५०पर्यंतचे मोठमोठे अंदाज छापून येतात. त्यांचा पाया एकच आहे: आफ्रिकेतली मुलं शाळेत जातील आणि ती शाळा फ्रेंचमध्ये असेल. पहिली दोन-तीन वर्षं मातृभाषेत शिकवून मग फ्रेंचकडे नेण्याचे प्रयोग तिथे चालू आहेत. मला तोच रस्ता योग्य वाटतो, कारण जे मूल स्वतःच्या भाषेत वाचायला शिकलेलं नाही त्याला परक्या भाषेत वाचायला शिकवणं म्हणजे दोनदा उपाशी ठेवणं.

पण आफ्रिकेत एक शहर असं आहे जिथे हा प्रश्न मुलांनीच सोडवून टाकलाय. कोत दिव्वार, म्हणजे आयव्हरी कोस्टचं अबिजान. कोको-कॉफीच्या पैशामुळे चहूबाजूंनी माणसं तिथे आली, साठेक भाषा एका शहरात, आणि लिंगालासारखी एकच भाषा बाजार ताब्यात घ्यायला नव्हती. त्यामुळे फ्रेंच रस्त्यावर उतरली. कंडक्टर, भाजीवाल्या, गॅरेजमधली पोरं ती बोलू लागली, आणि तिच्यात जुला, बाउले या तिथल्या भाषा, इंग्रजी असं सगळं मिसळून ‘नुशी’ नावाची बोली तयार झाली. मजा करणं, धमाल करणं याला नुशीत ‘साँजाये’ म्हणतात. हा शब्द अबिजानहून गाण्यांबरोबर पॅरिसच्या उपनगरांत गेला, तिथली पोरं तो सर्रास वापरायला लागली, आणि आता फ्रान्समध्ये छापलेल्या शब्दकोशांतही तो सापडतो. आमच्या पाठ्यपुस्तकात तो नाही. मी तो फळ्यावर लिहिते आणि कोपऱ्यात शहराचं नाव टाकते: अबिजान.